साठीनंतर निघालात कुठे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की रिटायर झाल्यावर घरापासून लांब, आदिवासी भागात, दवाखान्यात, पूरग्रस्तांमध्ये जाऊन काही महिने काम करावंसं वाटतं का आणि वाटत असेल तर अडतं कुठे. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यावर प्रश्न आले, त्यातले निवडक घेतलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण निम्म्या लोकांनी घरी अजून सांगितलेलंच नाही!

प्रश्न : मी सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाले, वय ६४. मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. मुलगा म्हणतो आई आता पुण्याला ये, नातवाबरोबर वेळ जाईल. मला नातू आवडतोच पण हात शिवशिवतात. लांब कुठेतरी दवाखान्यात जाऊन काम करावं वाटतं. या वयात हा वेडेपणा आहे का? आणि मला घेणार कोण?
– एक माजी परिचारिका, मिरज

सिस्टर, तुम्हाला विक्रोळीची एक गोष्ट सांगते, खरी आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका विधवा नर्सबाईंनी टीव्हीवर पीस कोअरची जाहिरात बघितली, म्हणजे अमेरिकन सरकारची ती योजना ज्यात लोक दुसऱ्या देशात जाऊन सेवा करतात. वयाची अट नाही असं त्यात म्हटलं होतं. बाईंनी अर्ज टाकला. वय ६८. त्यांची आधी मानसिक तपासणी झाली, मग तीन महिने ट्रेनिंग, आणि मग पाठवलं कुठे तर आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत. त्या बाईंचं नाव लिलियन कार्टर. मुलगा जिमी तेव्हा जॉर्जियातल्या राजकारणात होता, राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून दहा वर्षं होती, त्यामुळे 'प्रेसिडेंटची आई' म्हणून कोणी पायघड्या घातल्या असतील असं समजू नका. तेव्हा त्या फक्त एक म्हाताऱ्या नर्सबाई होत्या.

आता यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. त्यांना काम दिलं कुटुंब नियोजनाचं. ते त्यांना रुचलं नाही. पण सामान बांधून परत नाही गेल्या, हळूहळू दवाखान्यात शिरल्या आणि तिथे जे पडेल ते केलं. महारोग्यांची सेवासुद्धा, आणि साठच्या दशकात महारोग म्हटलं की शिकलेली माणसंही चार हात लांब उभी राहायची हे तुम्ही जाणता. एकूण २१ महिने राहिल्या. ७०वा वाढदिवस इथेच झाला, तोही १५ ऑगस्टला, कारण जन्मतारीखच ती. घरी गेल्या तेव्हा वजन चांगलंच उतरलेलं होतं, म्हणजे हे सगळं गुलाबी होतं असं मी म्हणणार नाही.

(जाता जाता. बरोबर चाळीस वर्षांनी, २००६ला, त्यांचा मुलगा आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला आला होता, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या कामावर, गरीब कुटुंबांसाठी शंभर घरं बांधायची होती. माजी राष्ट्राध्यक्ष, वय ८२, बायको ७९ची, आणि दोघं साइटवर. घराण्यातच असतं बघा काहीकाही.)

तर वेडेपणा नाही. फक्त एक बघा, ६८च्या अनुभवी नर्सलासुद्धा तीन महिने ट्रेनिंग दिलं होतं. आपल्याकडे लोक तीन फोनसुद्धा न करता थेट एसटीत बसतात आणि मग संस्थेला म्हणतात आता सांगा काय करू.

तुम्हाला घेणार कोण, तर तुमच्यासारखी सिस्टर मिळाली तर कोणीही घेईल, खोटं नाही सांगत. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे, १९७३पासून चालू, गडचिरोलीतला भामरागड तालुका, माडिया आदिवासींचा भाग. गडचिरोलीलाच डॉ. बंग दांपत्याची 'सर्च' ही संस्था आहे, तिथे गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत उभी राहिली आणि पुढे तीच देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजणं, आईला अंगावर पाजायला शिकवणं, हे तुमच्या हातचं काम. अमरावतीकडे मेळघाट आहे. पावसाळ्यात तिथे लहान मुलं दगावतात म्हणून पुण्याची 'मैत्री' ही संस्था १९९७पासून धडक मोहीम चालवते, स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीने जातात आणि गावात राहून घरोघरी फिरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे बरं, कारण मुदत ठरलेली असते आणि बरोबर माणसं असतात.

भाषेचं म्हणाल तर मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया. तुमची मराठी तरुण पोरांना कळेल, म्हाताऱ्या आजीला नाही कळणार. 'दुखतंय का, कुठे, कधीपासून, जेवलीस का' एवढी दहा-पंधरा वाक्यं पहिल्या आठवड्यात पाठ करा. आणि निघायच्या आधी नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का ते काढून बघा, नसेल तर आधी ते. नातवाला सांगा आजी दिवाळीला येते.

प्रश्न : मी बँकेतून चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झालो, मिसेस शिक्षिका होत्या. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस आदिवासी भागात जाऊन मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवायचा विचार आहे. कुठे संपर्क करावा?
– डोंबिवली

साहेब, विचार चांगला आहे पण दिवाळीत आश्रमशाळेला सुट्टी असते. मुलं घरी जातात. तुम्ही पोचाल तेव्हा फळा असेल, खडू असेल, मुलं नसतील.

हसू नका, असे फोन संस्थांना दर वर्षी येतात, कारण शहरातल्या माणसाला आपली सुट्टी असते तेव्हाच सेवा आठवते. आणि तुम्ही तर रिटायर आहात, तुम्हाला दिवाळीच कशाला पाहिजे? जूनमध्ये शाळा उघडते, सप्टेंबरपर्यंतचे महिने खरे गरजेचे. पण पंधरा दिवसांत गणित शिकवून होत नाही. मुलांना तुमचं नाव पाठ होईपर्यंत तुम्ही निघता, मग दुसरे काका येतात, ते परत पाढ्यांपासून सुरू करतात. बाईंना खरंच शिकवायचं असेल तर एक सत्र तरी द्या, आणि तिथल्या मास्तरांना बाजूला सारून नाही, त्यांच्या हाताखाली.

तुमच्याबद्दल मात्र वेगळं सांगते. तुम्ही गणित शिकवू नका, हिशोब लिहा. मनापासून सांगते, छोट्या संस्थांचे प्राण या कागदात अडकलेले असतात. देणगीदारांची माहिती ३१ मेच्या आत १०बीडी फॉर्मवर भरायची, परदेशी पैसा घेत असतील तर एफसीआरएचं वार्षिक रिटर्न वेगळं, कंपनीचा सीएसआर निधी असेल तर त्यांचे रिपोर्ट अजून वेगळे, आणि हे सगळं करणारा कार्यकर्ता तोच असतो जो सकाळी पाण्याची मोटर दुरुस्त करत होता. चीफ मॅनेजरने तीन महिने बसून व्हाउचरं लावून दिली, एका स्थानिक पोराला टॅली शिकवलं, तर ती संस्था पुढची पाच वर्षं तुमचं नाव काढेल.

संस्थाच कशाला, ग्रामसभा घ्या. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गाव आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००९ला त्यांना वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११पासून त्यांनी स्वतःचा बांबू स्वतः विकला. मग जिल्ह्यात बऱ्याच गावांना असे हक्क मिळाले. म्हणजे बांबूचे, तेंदूपानाचे पैसे थेट ग्रामसभेच्या खात्यात येतात, ठेकेदाराशी करार करायचा, टीडीएस, जीएसटी, मजुरी वाटायची, ऑडिट करून घ्यायचं. इथे बँकेतला माणूस पाहिजे. पण बोलावलं तरच जा, आणि सभेत मागे बसा. निर्णय त्यांचा, वही तुमची.

प्रश्न : माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत, डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे, सहा वर्षांपूर्वी बायपास झाली. आई गेल्यापासून म्हणतायत की मी आता गडचिरोलीला जाऊन राहणार, तिथे काहीतरी उपयोग होईल. जुलैत निघायचं म्हणतात. कसं समजवू?
– नाशिक

आधी जुलै काढून टाका. बाकीचं नंतर बोलू.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे आपण दर पावसाळ्यात पेपरात वाचतो. इन्सुलिनवरचा माणूस पुरापलीकडे अडकला तर तिथल्या डॉक्टरला आपले पेशंट सोडून तुमच्या बाबांचं बघावं लागेल. शिवाय मलेरिया. त्या भागात फॅल्सीपॅरम जातीचा असतो, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि पावसाळा नि त्यानंतरचे काही आठवडे जास्त वाईट. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी, पहिल्या खेपेला तीन-चार आठवडे, आणि शक्यतो भामरागड नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ कुठेतरी, जिथून मोठा दवाखाना तासाभरात गाठता येतो.

आता 'कसं समजवू' बद्दल. समजवू नका, विचारा. तिथे काय काम करणार? कोणाशी बोलणं झालंय? नाव सांगा, फोन लावून द्या. उत्तर आलं तर बाबा तयार आहेत. उत्तर आलं नाही तर त्यांना गडचिरोलीला जायचं नाहीये, त्यांना त्या घरातून बाहेर पडायचंय जिथे आई नाही. त्यात चूक काहीच नाही हो, पण त्याचं औषध संस्थेकडे नसतं. संस्थेत दिवसभर माणसं असतात आणि संध्याकाळी सातनंतर अंधार, रेंज नाही, तेव्हा तीच आठवण दुप्पट होऊन येते. आधी नाशकातच आठवड्यातून तीन दिवस सिव्हिलला किंवा जवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात जाऊ देत, दोन महिने टिकलं तर पुढे बघा.

जायचं ठरलंच तर ही तयारी : कार्डिऑलॉजिस्टकडून लेखी फिटनेस. गोळ्या मुक्कामापेक्षा महिनाभर जास्तीच्या, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत. इन्सुलिनला फ्रीज आहे का हे आधी विचारून घ्या, लाइट जाते तेव्हा काय करतात तेही विचारा, ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं हा जुना उपाय चालतो पण कुपी कोरड्या डब्यात घालून ठेवायची. ग्लुकोमीटर, जादा स्ट्रिप्स, खिशात साखर. सत्तरी ओलांडलीय म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल, २०२४च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि योजनेतल्या दवाखान्यात दुसऱ्या जिल्ह्यातही चालतं. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण जंगलात बसून करू म्हणाल तर रेंज मिळणार नाही, निघायच्या आधी उरका. प्रवासाचं म्हणाल तर एसटीत ६५ ते ७५ अर्धं तिकीट, ७५च्या पुढे फुकट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२०च्या मार्चपासून बंद झाली ती झालीच.

प्रश्न : (हा प्रश्न नाही, तक्रार आहे, पण छापतोय.) तुमच्या ज्येष्ठ वाचकांना कृपया सांगा की आम्ही रिसॉर्ट चालवत नाही. येतात, पहिल्या दिवशी कमोड विचारतात, दुसऱ्या दिवशी डायट, तिसऱ्या दिवशी आम्हाला सांगतात की तुमचं मॅनेजमेंट चुकतंय. मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढतात आणि न विचारता फेसबुकवर टाकतात. मग जाताना रडतात की आयुष्य बदललं. आमचं काय बदललं ते कोणी विचारत नाही.
– एक कार्यकर्ती, विदर्भ

ताई, छापलं. एक शब्द कमी केला नाही.

फोटोचं तर मी अजून कडक म्हणेन. पुण्यातल्या शाळेतल्या मुलांचे फोटो कोणी परका काका असे टाकेल का? पालक चप्पल घेऊन धावतील. मग आश्रमशाळेतल्या मुलीचा का चालतो? कोणतीही चांगली संस्था तुमचं ओळखपत्र, दोन ओळखीच्या माणसांचे नंबर, कधी पोलिस व्हेरिफिकेशनही मागते, आणि मागितलं की आपले लोक रागावतात, 'माझ्या वयाच्या माणसावर संशय?' संशय नाही साहेब, मुलांची काळजी आहे. जी संस्था काहीच न विचारता मुलांमध्ये सोडते तिथे जाऊच नका, असं मी उलट म्हणेन.

पण कमोडवर मात्र मी तुमच्याशी भांडणार. गुडघे गेलेल्या बाईला उकिडवं बसता येत नाही, त्यात नखरा नाही. शंभर-दीडशे रुपयांत नाही पण हजार-दोन हजारांत घडीची कमोड खुर्ची मिळते, ती ज्याची त्याने बरोबर आणावी आणि जाताना तिथेच ठेवून यावी, पुढच्याला होईल. हे पहिल्याच फोनवर बोलून घ्या दोन्ही बाजूंनी, लाजू नका. आणि मॅनेजमेंटच्या सल्ल्याचं काय करायचं, तर पहिला महिना तोंड उघडायचं ते फक्त जेवायला आणि विचारायला असा नियम करून टाका. चाळीस वर्षं साहेब म्हणून काढलेल्या माणसाला हे मलेरियापेक्षा अवघड जातं, पण जातं.

प्रश्न : आमचा सिनियर सिटिझन ग्रुप आहे, तीसेक जण. कुठे पूर आला, दरड कोसळली की लगेच टेम्पो भरून निघावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. काय न्यावं?
– कोथरूड, पुणे

काहीच नेऊ नका, आणि लगेच निघू नका.

२०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१च्या जुलैत चिपळूण, दोन्हीकडे जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते, फाटक्या साड्या, एक पाय नसलेली विजार, कोण घालणार? पहिल्या आठवड्यात तिथे लागतात बोटी चालवणारे, चिखल उपसणारे तरुण हात, आणि पाणी. तुम्ही तीस जण गेलात तर तीस जणांचं जेवण आणि झोपायची जागा तिथल्याच लोकांना बघावी लागते.

तुमची वेळ तीन-चार आठवड्यांनी येते, जेव्हा टीव्हीवाले निघून गेलेले असतात. पुरात आधार, रेशन कार्ड, सातबारा, पासबुक, गाडीचं आरसी, पोरांची सर्टिफिकेटं सगळं वाहून गेलेलं असतं. दुकानदाराचा विमा असतो पण क्लेमचा फॉर्म भरता येत नाही, सर्व्हेअर आला तेव्हा दुकान आधीच साफ केलेलं, फोटो काढलेले नाहीत. तुमच्यात एलआयसीवाले असतील, तलाठी, बँकवाले, कोर्टातले क्लार्क असतील. चार टेबलं, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर घेऊन पंधरा दिवस एका गावात बसा. टेम्पोपेक्षा हे स्वस्त पडतं आणि पंचनाम्यात नाव राहून गेलेल्या म्हातारीला पैसे मिळतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, अमेरिकन सिटिझन, वय ६३. पीस कोअरमधून भारतात येता येईल का? आणि माझी बहीण कोल्हापूरला भूलतज्ज्ञ आहे, वय ६१, तिलाही बाहेर जाऊन काम करायचंय.

तुम्हाला पीस कोअर मिळेल, वरची वयोमर्यादा आजही नाही, पण भारत नाही मिळणार. त्यांचा इथला कार्यक्रम १९७६लाच बंद झाला. दुसऱ्या देशात जावं लागेल, साधारण २७ महिने, त्यातले पहिले तीन ट्रेनिंगचे. तेवढं नको असेल तर त्यांचीच रिस्पॉन्स नावाची छोटी योजना अनुभवी लोकांसाठी आहे, काही महिन्यांची. मेडिकल क्लिअरन्सला मात्र वेळ लागतो, बीपीच्या गोळीपासून दाताच्या एक्स-रेपर्यंत सगळं मागतात.

बहिणीचं सोपं आहे. भूलतज्ज्ञ कोणाला नको असतात! डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था सर्जन, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना इतरांपेक्षा कमी मुदतीवर पाठवते, काही आठवड्यांवरसुद्धा, आणि मानधन देते. आफ्रिकेत जायचं झालं तर पिवळ्या तापाची लस लागेल, ती साठीनंतर पहिल्यांदा घेताना त्रास व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून आधी डॉक्टरशी नीट बोलायचं (त्या स्वतः डॉक्टर आहेत, तरीही). आणि परदेशच पाहिजे असं नसेल तर गडचिरोलीतल्या सर्जिकल कॅम्पना भूल द्यायला माणूस लागतोच, कोल्हापूर ते गडचिरोली हे अंतरही काही कमी नाही.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

*जेवणा-राहण्याचे पैसे द्यायचे का?* – द्यायचे. मागितले नाहीत तरी.

*नवराबायकोला एकत्र खोली मिळेल का?* – विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी बायकांची आणि पुरुषांची राहायची सोय वेगळी असते.

*ज्येष्ठांसाठी काही कायमस्वरूपी व्यवस्था आहे का, म्हणजे तिथेच राहून काम?* – कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्रात वानप्रस्थी कार्यकर्ता अशी सोयच आहे. केंद्र उभं करणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. आधी थोडे दिवस राहून बघा, मग ठरवा.

*आमचा कुत्रा बरोबर नेता येईल का, तो माझ्याशिवाय जेवत नाही.* – नाही हो. त्या भागात बिबट्या असतो. कुत्र्याला शेजाऱ्यांकडे आठवडाभर ठेवून बघा, जेवला तर पुढचा फोन संस्थेला लावा.